फ्लायरची ब्रेकवाली

डेस्मंड क्विलनं मला विचारलं तेव्हा मी फ्लायरच्या पहिल्या डब्याखाली पाठीवर पडले होते आणि माझे केस जुन्या रंगाच्या पोपड्यांनी भरले होते. खरवडता खरवडता लालाखाली हिरवा निघाला होता आणि हिरव्याखाली सायीच्या रंगाचा पांढरा. प्रत्येक नवा थर दिसला की आमची सुतारीण मेव्ह डन्फी शेजारच्या डब्यातून मला हाक मारून दाखवायची, जसं काही खणताना सोन्याचा हंडाच लागलाय.

"लोर्ना, जरा बाहेर ये," डेस्मंड म्हणाला. "एक विचारायचं होतं."

"इथूनच विचार. एकदा बाहेर आले की पुन्हा आत शिरायला माझी कंबर तयार होत नाही."

तो उकिडवा बसला. डेस्मंड उंच माणूस, आयुष्यभर पूल बांधलेला इंजिनीयर. उकिडवा बसला की त्याचे गुडघे कानापर्यंत यायचे.

"ब्रेकवर बसशील का?"

मी ताडकन उठायला गेले आणि कपाळ डब्याच्या तळावर आपटलं. मेव्ह तिकडून म्हणाली, "तिनं हो म्हटलं, डेस्मंड. मी आवाज ऐकला."

हे विचारणं किती मोठं होतं ते मार्लसीत वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. फ्लायर म्हणजे आमच्या हॅल्सियन पार्कातला लाकडी रोलरकोस्टर. समुद्राच्या भिंतीला चिकटून उभा, माझ्या आजीच्या जन्माआधीचा. हल्लीच्या रोलरकोस्टरना रुळांवरच ब्रेक असतात आणि ते आपोआप लागतात. फ्लायरचा ब्रेक गाडीत असतो, आणि तो लावायला माणूस लागतो. पहिल्या आणि दुसऱ्या डब्याच्या मधे एक छोटी जागा, तिथं एक लोखंडी दांडा. तो ओढला की डब्याखालच्या पट्ट्या रुळाला घासतात. गाडीत किती माणसं आहेत, वारा कुठून येतोय, लाकूड ओलं आहे की सुकं, हे बघून कुठं धरायचं आणि कुठं सोडायचं ते ब्रेकवाल्यानं ठरवायचं. जास्त धरला तर गाडी दोन चढांमधल्या खोलात अडकून बसते. कमी धरला तर लोकांचे दात हलतात.

मी शाळा सोडून नुकती नोकरीला लागले तेव्हा पार्क बंद पडलं. मालकाला तिथं फ्लॅट बांधायचे होते. गावानं सह्या केल्या, मोर्चे काढले, कोर्टात गेलं. तोवर सांगाड्यात सीगल घरटी करत होते आणि फळ्या एकेक करून वाळूत पडत होत्या. शेवटी एका ट्रस्टनं जागा घेतली, डेस्मंडला आणलं, आणि आम्ही गावातले हौशी लोक शनिवार-रविवारी हातात खरवडण्या घेऊन हजर झालो.

"पण मी का?" मी डब्याखालून सरपटत बाहेर येत विचारलं.

"मी रोज तू चालवतेस त्या बसनं येतो," डेस्मंड म्हणाला. "हातात चहा असतो, झाकण नसलेला. आजवर एक थेंब सांडला नाही."

मला त्या रात्री झोप लागली नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

फ्लायरचा शेवटचा ब्रेकवाला अजून हयात होता. विल्फ अ‍ॅकर्ली. ऐंशीच्या पुढचा, गावाच्या वरच्या अंगाला बहिणीबरोबर राहणारा. त्याच्याबद्दल सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती: बाजारात जायचं असलं तरी तो चर्चमागच्या रस्त्यानं वळसा घालून जायचा. पार्क डोळ्यांना दिसायला नको म्हणून. ट्रस्टनं त्याला दोनदा बोलावणं पाठवलं होतं आणि दोन्ही वेळा काही उत्तर आलं नव्हतं.

मी सोमवारी ड्युटी संपल्यावर तशीच, युनिफॉर्मवरच गेले. दार त्याच्या बहिणीनं, एड्नानं उघडलं.

"फ्लायरबद्दल असेल तर तो घरी नाहीये."

आतून आवाज आला, "मी घरी आहे. पण फ्लायरबद्दल बोलायला नाही."

एड्नानं मला डोळ्यानंच आत यायला सांगितलं आणि किटली ठेवायला गेली. विल्फ खिडकीशी बसला होता. लहान चणीचा माणूस, पण उजवा खांदा डाव्यापेक्षा मोठा. दांडा ओढून ओढून झालेला असणार, मला वाटलं.

"मिस्टर अ‍ॅकर्ली, गाडी रुळावर उभी आहे," मी म्हटलं. "साखळी बसवली. येत्या शनिवारी चालवून बघणार."

"लाकूड?"

"कुजलं होतं तेवढं नवं घातलंय. बाकी जुनंच."

"कुजलं होतं तेवढं म्हणजे निम्मं. मग ती फ्लायर नव्हेच. फ्लायरचे कपडे घालून दुसरंच कुणी उभं आहे." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "मी सँडविचचा डबा घेऊन कामाला गेलो, तर गेटला कुलूप. एका शब्दानं कुणी सांगितलं नव्हतं. मी तिथं उभा, हातात डबा, आणि आत ती उभी. आता बोलावतायत."

केक आला. चहा आला. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "ब्रेकवर कोण बसणार? तो पूलवाला?"

"मी."

त्यानं मान वळवून मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "तू ती किनाऱ्यावरची बसवाली ना? माझ्या बहिणीला मागं एकदा स्टॉपच्या पुढं नेऊन उतरवलंस."

"स्टॉपवर पाणी तुंबलं होतं, विल्फ," एड्ना म्हणाली. "माझे बूट वाचवले तिनं."

विल्फ काहीतरी पुटपुटला. मग एकदम म्हणाला, "ऊठ. ती खुर्ची इकडे ओढ. टेबलाकडे पाठ करून बस. ही माझी काठी घे, उजव्या हाताशी उभी धर. अशी नव्हे. छत्री धरलीयेस का?"

मी काठी धरली. एड्नानं केकची ताटली उचलून बाजूला ठेवली. हा प्रकार तिला नवा नसावा.

विल्फनं डोळे मिटले.

"साखळी ओढतेय. वर समुद्र दिसेल. तू बघायचा नाही, समुद्र तिकीट काढणाऱ्यांसाठी. तू पुढची डोकी बघ. किती आहेत, बाप्ये किती, पोरं किती. आता तोंडावर वारा बघ. सुटली. ही पहिली उतरण, मोठी. मोठीवर हात लावायचा नाही, तिला पळू दे. वर आली. दुसरी आली, पाळणा. पाळण्यात नुसतं टेकव. मांजर उचलतेस ना, तसं, मांजराला कळायच्या आत. सोड. आता वळण, आणि वळणातून बाहेर आल्या आल्या तिसरी. तिचं नाव लबाड. वरून दिसते उथळ आणि असते खोल. तिच्या तोंडाशी धर. धर. धर. सोड."

तो खुर्चीत डावीकडे कलला, तशी मीही कलले. त्यानं श्वास रोखला तसा मीही रोखला. गाडी थांबली तेव्हा माझ्या तळहाताला घाम आला होता, आणि मी बसले होते एका बैठकीच्या खोलीत, फुलाफुलांच्या गालिच्यावर.

"पुन्हा," तो म्हणाला.

आठवडाभर रोज ड्युटी संपली की मी तिथं. तो मला शिव्या घालायचा, मी काठी ओढायचे, एड्ना मधून मधून भिंतीमागून "लबाड आली का रे, चहा टाकू का?" असं विचारायची. फ्लायरच्या वळणांशी माझी इतकी ओळख झाली की बस चालवतानासुद्धा बंदराच्या कोपऱ्यावर माझ्या तोंडून "पाळणा" निघून जायचं आणि पुढच्या सीटवरचे म्हातारे माझ्याकडे वळून बघायचे.

"एकदा पार्कात तरी या," मी म्हणाले.

"नाही."

"गेटपर्यंत."

"चहा पी आणि घरी जा."

चाचणी शनिवारी होती. ट्रस्टनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तरी अख्खं मार्लसी समुद्राच्या भिंतीवर येऊन बसलं होतं. चिप्सची गाडी आली होती. वर्तमानपत्राचा फोटोवाला आला होता. डब्यांत माणसांऐवजी वाळूची पोती बसवली होती आणि मेव्हनं प्रत्येक पोत्याला कुठूनकुठून आणलेल्या टोप्या घातल्या होत्या.

मी दांड्याशी बसले. माणूस म्हणून गाडीत मी एकटी. डेस्मंडनं माझा पट्टा स्वतः ओढून पाहिला, मग पुन्हा पाहिला.

"तुझे हात थरथरतायत," मी म्हटलं.

"थंडी आहे," तो म्हणाला. जून महिना होता.

साखळीनं गाडी पकडली आणि आम्ही वर निघालो. काय सांगू. इतकी वर्षं मी तो चढ खालून पाहत होते, त्याच्या फळ्या न मोजताच पाठ झाल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी मी माझ्या हातानं रंगवल्या होत्या, आणि आता त्या माझ्या पायाखालून एकेक करून सरकत होत्या. टोकाला पोचलो. साखळी सुटली. क्षणभर काहीच नाही. मग पुढचा डबा दिसेनासा झाला आणि त्याच्यामागोमाग मीही.

मोठीवर मी हात लावला नाही. वारा डोळ्यांत भरला, एका पोत्याची टोपी उडाली, भिंतीवरून जो आवाज उठला तो मला चाकांच्या खडखडाटातही ऐकू आला. पाळण्यात दांडा टेकवला, सोडला. वळण घेतलं. लबाडच्या तोंडाशी धरला, विल्फनं सांगितल्याप्रमाणे, अगदी तसाच.

गाडी खोलात उतरली, समोरचा चढ चढू लागली, हळू झाली, अजून हळू झाली, आणि टोकाच्या जरा अलीकडं तिनं विचार बदलला. मागं आली. पुन्हा पुढं गेली, पुन्हा मागं. शेवटी खोलात मधोमध उभी राहिली. मी आणि टोप्या घातलेली पोती.

मग चिप्सच्या गाडीवरचा माणूस तोंडाशी हात धरून ओरडला, "लोर्ना, पुढचा स्टॉप कुठला?"

सगळं गाव हसलं. मीही हसले, कारण दुसरं काय करणार. पण माझे कान गरम झाले होते. दुपारभर आम्ही सगळे दोर लावून गाडी ओढत होतो. मेव्ह माझ्यापुढं दोर ओढत होती आणि म्हणत होती, "छान झालं हं. पोत्यांना फारच आवडलं. फक्त घरी जायला निघेचनात."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर विल्फ उभा.

कोट, टाय, पॉलिश केलेले बूट. त्याच्यामागं एड्ना, काखेत थर्मास घेऊन.

"कुठं धरलास?" त्यानं नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं.

"लबाडच्या तोंडाशी. तुम्ही सांगितलं तिथंच."

"शक्यच नाही."

"तिथंच धरला."

"मी तिथं धरायचो तेव्हा ती समोरच्या चढावरून गाणं म्हणत जायची. माझ्या सांगण्यानं गाडी खोलात अडकली असं आता गावभर बोलतायत. दाखव मला. कुठं ते दाखव."

आणि तो तरातरा आत शिरला. एड्नानं मागून माझ्या दंडाला कोपरानं ढोसलं.

अर्धं आवार ओलांडल्यावर आपण कुठं आलोय ते त्याच्या लक्षात आलं असावं. तो थांबला. वर बघितलं. पहिल्या चढाचा पांढरा सांगाडा तिथून सगळ्यात उंच दिसतो, त्यामागं नुसतं आकाश. विल्फ एका खांबाजवळ गेला आणि त्यानं त्यावर तळवा टेकवला. मेव्ह हातोडी खाली ठेवून उभी राहिली.

"हा रंग चुकलाय," शेवटी विल्फ म्हणाला.

"कुठला हवा होता?" मेव्हनं विचारलं.

त्यानं खांबाकडे पुन्हा पाहिलं. खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं. "नाही. बरोबर आहे."

मग तो आणि डेस्मंड दोघंही गाडीखाली शिरले. एक सहा फुटांच्या वरचा, एक पाच फुटांचा, दोघांचे फक्त बूट बाहेर. आतून भांडल्याचे आवाज. चाकं हातानं फिरवून बघत होते. डेस्मंडच्या हिशेबानं एवढी उंची असली की गाडी विल्फच्या ब्रेकनंही पार जायलाच हवी होती. विल्फच्या अनुभवानंही जायलाच हवी होती. आणि ती गेली नव्हती. बाहेर आले तेव्हा दोघांच्याही नाकाला वंगण.

"चाकं घट्ट आहेत," डेस्मंड म्हणाला. "बेअरिंग नवी, वंगण जाड, वर नवं लाकूड. मी एवढं हिशेबात धरलं नव्हतं."

"मी तर काहीच धरलं नव्हतं," विल्फ म्हणाला. "मला मिळाली तेव्हा ती म्हातारी होती. ही पोरगी आहे. पोरगी असताना ती कशी होती ते मला काय माहीत? मी तेव्हा जन्मलो नव्हतो."

"मग आता?" मी विचारलं.

"आता पळव तिला," दोघंही एकदम म्हणाले, आणि मग एकमेकांकडे जरा नाराजीनं बघू लागले.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून माझ्या छातीत धडधडतं. दिवस मोठे होते, ड्युटी संपली तरी उन्हं असायची. पोती चढवायची, साखळी सुरू करायची, वर जायचं, सुटायचं, परत यायचं, पुन्हा वर. पहिले काही दिवस मी दांड्याला जवळपास हातच लावला नाही आणि ती कशीबशी पार व्हायची. मग एका संध्याकाळी लबाडच्या चढावर तिनं मला सीटवरून उचललं. हलकंच, बोटभर. मी खाली आले ती ओरडतच आले, "उचललं, तिनं मला उचललं," आणि मेव्हनं मला मिठी मारली, तिच्या एप्रनमधला लाकडाचा भुसा माझ्या तोंडात गेला.

आवाज बदलत गेला. आधी ती खडखडायची, डब्यात सुरी-काटे टाकून हलवल्यासारखी. रोज थोडी गुळगुळीत होत गेली, आणि एक दिवस वळणावर तिनं भोवऱ्यासारखा घूं असा सूर लावला. फलाटावर विल्फ खुर्ची टाकून बसलेला असायचा. तो सूर ऐकला आणि त्याचं बोलणं थांबलं.

एरवी त्याचं तोंड थांबत नसे. "तो ब्रेक आहे, पाण्याचा पंप नव्हे." "पाळण्यात झोपलीस काय?" "आज काय, बसमध्ये प्रवासी कमी होते का, त्याचा राग गाडीवर काढतेस ते?" मी उलट बोलायला लागले होते. एकदा म्हटलं, "या, तुम्हीच बसा," तर म्हणाला, "बसलो असतो. पण मग तुला शिव्या कोण घालणार?"

हळूहळू माझ्या माझ्या खुणा तयार झाल्या. पाळण्यात तो म्हणायचा त्याच्या जरा आधी. वळणात थोडा, जिथं तो मुळीच धरत नसे. ओल्या दिवशी वेगळा, कोरड्या दिवशी वेगळा. लबाडवरून आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. आता गाडी वेगात आहे, तोंडाशी धरलाच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. रोजचं रोज बघावं लागेल, असं माझं.

सुरक्षेची तपासणी करायला एक बाई आल्या. हेल्मेट, हातात कागद अडकवलेली पाटी, चेहरा दगडासारखा. सगळा सांगाडा चढून पाहिला, बोल्ट ठोकून पाहिले, गाडीत बसून एक फेरी घेतली. उतरल्यावर पाटीवर बराच वेळ लिहीत राहिल्या. डेस्मंड नखं खात होता. मग त्यांनी पाटी त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "मी आणखी एकदा बसले तर चालेल का? हा कामाचा भाग नाही."

डेस्मंडनं होकार दिला तो बसूनच.

पार्क उघडलं त्या दिवशी रांग आवारातून निघून धक्क्यापर्यंत गेली होती. पहिल्या फेरीचा मान महापौरबाई आणि त्यांच्या पाहुण्यांचा. पाहुणे साखळीच्या चढाखाली आले, त्यांनी मान वर करून पाहिलं, आणि त्यांच्यातल्या निम्म्या लोकांना एकाएकी आठवलं की आपण नुकतंच जेवलोय. महापौरबाई मात्र गळ्यातली पदाची सोन्याची साखळी काढून सेक्रेटरीच्या हातात देऊन पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. रांगेतल्या लोकांना पाहुण्यांच्या जागी बसवावं असं मी म्हटलं, पण भाषण झालं होतं, बँड वाजत होता, सगळ्यांना घाई झाली होती. गाडी निम्मी रिकामी निघाली.

विल्फ पहिल्या डब्याच्या शेवटच्या रांगेत, म्हणजे बरोबर माझ्यापुढं. त्याच्या शेजारी एड्ना, निळी टोपी हनुवटीखाली बांधून.

"एक शब्द बोलायचा नाही, असं ठरलंय," मी त्याच्या कानाशी म्हटलं.

"मी कशाला बोलू? मी प्रवासी आहे."

वर जाताना माझ्या लक्षात आलं की वारा फिरलाय. सकाळी तो जमिनीवरून येत होता. आता समुद्राकडून येत होता, जोरदार, आणि चढाच्या टोकाला तो माझ्या छातीवर हात टेकवून ढकलतोय असं वाटलं. लबाड समुद्राच्या तोंडावर आहे. समोरच्या चढावर हा वारा थेट तोंडावर येणार होता, आणि गाडी निम्मी रिकामी, म्हणजे तिचा जोरही कमी.

सुटली. मोठीवर महापौरबाईंची किंकाळी निघाली आणि तिच्यामागोमाग बाकी सगळ्यांची. पाळणा. मी नुसतं बोट लावल्यासारखं केलं. वळणात दांडा सोडून दिला. घूं असा जो सूर लागायचा तो लागला, पण जरा खालच्या पट्टीत.

वळणातून बाहेर आलो आणि विल्फचा उजवा हात वर गेला. त्याच्याही नकळत गेला असेल.

"धर," तो म्हणाला.

वारा माझ्या दातांत शिरत होता. दांडा हातात होता. हात म्हणत होता, ओढ, तुला शिकवणारा माणूस समोर बसून सांगतोय. पण सीटखालून जे येत होतं ते दुसरंच सांगत होतं. मी ओढला नाही.

लबाडमध्ये आम्ही कोसळलो. एड्नाची टोपी गेली. समोरचा चढ आला, वारा आदळला, आणि गाडी हळू होऊ लागली. हळू. अजून हळू. लोकांचं ओरडणं थांबलं, त्यांनाही कळलं असावं. टोकाशी ती एखाद्या म्हातारीच्या चालीनं जात होती. मला एकेक फळी वेगळी दिसत होती. महापौरबाई पुढं वाकल्या, मला वाटतं सगळेच वाकले, मीसुद्धा.

पुढचा डबा टोकावरून वाकला, आणि मग त्यानं आम्हा सगळ्यांना ओढलं. शेवटच्या उतारावर ती अशी सुटली की मी सीटवरून उठले ते पट्ट्यानंच धरलं. विल्फ उठला, एड्ना उठली, सगळ्यांची डोकी एकदम वर गेली आणि एकदम खाली आली, आणि भिंतीवरून गावाचा आवाज आला तो थांबेचना.

फलाटाच्या अलीकडं मी ब्रेक लावला. गाडी रेषेवर थांबली.

लोक उतरले. महापौरबाईंना पायऱ्या सापडेनात. विल्फ मात्र बसून राहिला, माझ्याकडे पाठ करून.

"मी धर म्हटलं होतं," तो म्हणाला.

"ऐकलं."

"आणि तू धरला नाहीस."

"नाही."

"धरला असतास तर आत्ता महापौरबाई दोर ओढत असत्या." त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं त्याला काही झालं, मी पट्टा सोडून पुढं वाकले. तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आवाज न करता. मग वळून त्यानं माझा दांड्यावरचा हात धरला आणि दोनदा थोपटला. "वारा मला कळलाच नाही. पुढं वाकून बसलो होतो, पोरासारखा."

"टोपी गेली माझी," एड्ना म्हणाली. "पुन्हा जाऊ या."

मेव्ह फलाटाच्या दोरीशी उभी होती. तिनं दोघांनाही हात आडवा केला. "रांग तिकडून आहे."

"मी इथं तीस वर्षं काम केलंय," विल्फ म्हणाला.

"मग रांग कुठं संपते ते तुम्हाला ठाऊकच असेल."

तो खरोखरच गेला. मला गाडीतून दिसत होतं: कोट, टाय, बहिणीचा हात काखेत, धक्क्याच्या दिशेनं रांगेच्या कडेकडेनं चाललेला, आणि दर चार पावलांवर थांबून कुणाला तरी कुठल्या डब्यात बसायचं ते सांगणारा. चिप्सच्या गाडीपाशी दोघं थांबले, आणि त्या माणसानं पैसे न घेता त्यांच्या हातात गरम पुडा ठेवला. विल्फनं माझ्याकडे बोट करून त्याला काहीतरी सांगितलं. त्या माणसानं मान डोलावली, आणि मग मला दुरूनच हात केला.

मी पट्टा आवळला. डेस्मंडनं फलाटावरून अंगठा दाखवला. मेव्हनं दोरी सोडली.

"पुढच्या जागांसाठी धावू नका," मी म्हणाले.

कुणीही ऐकलं नाही.